पुलावरच्या माणसाचा पाय

अशी कल्पना करा, मुलांनो. शाळेच्या फाटकातून आत आलं की समोर एक लांबलचक भिंत आहे. नुकताच चुना दिलेली, पांढरीफटक, उन्हात डोळे दिपतील अशी. आणि तुम्हाला कोणी सांगितलं, ही भिंत तुमची, रंगवा. काय काढाल? थांबा, इतक्यात सांगू नका. तुमच्या शेजारी आणखी तिघं उभे आहेत. त्यांच्याही हातात ब्रश आहे. आणि त्या तिघांतल्या एकालाही धड माणूस काढता येत नाही. आता सांगा.

आपल्या गोष्टीतल्या मुलीपुढे हाच पेच होता.

ती आठवीत होती. आईबाप गावाबाहेरच्या वीटभट्टीवर विटा पाडायचे. मुलगी शाळेतून आली की दप्तर खाटेवर टाकायची आणि ओल्या विटा वाहायला लागायची. चित्रकलेचा हात तिचा जन्मजात. ओल्या विटेवर काडीने कोंबडा काढला तर तो आता आरवेल की काय असं वाटायचं. बाप मग बोटाने कोंबडा पुसून टाकायचा आणि म्हणायचा, "बाई गं, वीट घराला लागते. तिला तोंड नको."

शाळेत तिला सगळे खोडरबर म्हणायचे. ते का, ते कळेलच.

झालं होतं असं. आदल्या वर्षीच्या गणिताच्या निकालाने शाळेचं नाक कापलं होतं. हेडमास्तरांनी ठरवलं, चित्रकलेचा तास बंद करायचा आणि गणिताला द्यायचा. चित्रकलेच्या बाई त्यांच्या खोलीत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. आल्या तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता, पण एक गोष्ट त्यांनी मिळवली होती.

"ही बाहेरची भिंत आपण रंगवायची," त्यांनी वर्गात सांगितलं. "वर्गातल्या सगळ्यांनी. हेडमास्तर म्हणालेत, दोन हुशार पोरांनी रंगवलेली भिंत मला नको. तशा मुलांना तासाची गरज नसते, ती घरीही काढतात. सगळ्यांना येतं असं दाखवा, तास ठेवतो. नाहीतर उन्हाळ्यानंतर चित्रकला बंद."

आठवड्याला ते दोनच तास असे होते, ज्यांत मुलीच्या अंगाला चिखलाचा वास येत असला तरी कोणी नाक मुरडत नसे. उलट मागून पुढून माना उंचावून पाहत.

बाईंनी भिंतीचे पट्टे पाडले. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच रस्ता जाणार होता, आणि प्रत्येक गटाने आपल्या पट्ट्यातला तुकडा रंगवायचा. एका गटात चौघं. चौघांनी चार वेगळ्या गोष्टी शिकायच्या: एकाने माप, म्हणजे लहान कागदावरचं चित्र चौकटी पाडून भिंतीएवढं कसं करायचं, एकाने रंग मिसळणं, एकाने उजेड आणि सावली, एकाने माणसं. सगळ्या गटांतले रंगवाले एकत्र बसणार, बाई त्यांना शिकवणार, मग त्यांनी आपल्या गटात जाऊन बाकीच्या तिघांना शिकवायचं.

"आणि शेवटी हेडमास्तर येतील," बाई म्हणाल्या. "कोणालाही उठवतील, काहीही विचारतील. मापवाल्याला रंग विचारतील. ज्याला विचारलं त्याला आलं पाहिजे. एकाचं अडलं तर त्या गटाचा पट्टा कोरा राहील, आणि रस्ता तिथे तुटेल."

खोडरबरच्या गटाच्या वाट्याला आला पूल आणि पुलावरून चाललेली माणसं. तिला वाटलं, देव पावला. पण बाईंनी वाटणी केली तेव्हा माणसं गेली लंबूकडे. लंबू म्हणजे वर्गातला सगळ्यात उंच मुलगा, बाकाखाली पाय मावत नसत त्याचे. शिंपिणीच्या मुलीला माप आलं. घुम्या नावाचा एक अबोल मुलगा होता, त्याला सावली. आणि हिला रंग.

"बाई, मला माणसं येतात," ती म्हणाली.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तुला रंग."

हे काय उत्तर झालं? मुलगी धुसफुसत जागेवर बसली.

पहिल्या दिवशी लंबू माणसं शिकून आला आणि कागदावर एक माणूस काढून दाखवू लागला. "हे बघा, आधी डोक्याचं अंडं काढायचं. मग कणा. मग..."

"हा माणूस आहे की बाभळ?" शिंपिणीची मुलगी म्हणाली.

लंबू हसला, त्याला राग येत नसे. पण खोडरबरला तो माणूस बघवेना. तिने कागद ओढला, खसाखसा खोडला आणि चार रेघांत दुसरा माणूस उभा केला. डोक्यावर ओझं, मान ताठ, पाय टाकलेला.

"असा," ती म्हणाली.

लंबू त्या माणसाकडे पाहत राहिला. "भारी आहे," तो म्हणाला. मग पेन्सिल दप्तरात ठेवून दिली.

शिंपिणीच्या मुलीने चौकटी पाडल्या, त्याही हिने खोडून पुन्हा पाडल्या, कारण कडेची एक चौकट जराशी अरुंद होती. घुम्याने पुलाखाली सावली दिली, ती हिने खोडून आपल्या मनाने दुसरीकडे दिली. आणि रंग शिकवायची वेळ आली तेव्हा म्हणाली, "तुम्ही नुसते बघा. मी मिसळते. शिकवत बसायला वेळ कुठे आहे?"

तिघं नुसते बघत बसले. मग बघेनासे झाले. लंबू खिडकीतून मैदानाकडे पाही, शिंपिणीची मुलगी नखं खाई. घुम्या तर काय, घुम्याच. आणि हिच्या मनात येई, कसले आळशी आहेत हे. मी एकटी मरमर मरते.

त्याच आठवड्यात अवकाळी पाऊस झाला. भट्टीवर वाळत घातलेल्या विटांच्या रांगांची सकाळपर्यंत नुसती ढेकळं झाली. भट्टी पेटवायचा दिवस ठरलेला होता, तो मालक पुढे ढकलणार नव्हता. बापाने काही न बोलता ढेकळं फावड्याने पुन्हा खड्ड्यात लोटली, पाणी ओतलं आणि गारा, म्हणजे विटांचा चिखल, तुडवायला उतरला. आईने पदर खोचला आणि साच्यापाशी बसली.

आईसारख्या विटा त्या भट्टीवर कोणी पाडत नसे. कोपरे असे की बोट लावलं तर टोचेल. मुलगी पाचवीपासून विटा वाहत होती, उलटत होती, रचत होती. पण साचा तिच्या हातात कधी आला नव्हता.

"आई, दोन मी पाडू?"

"दोन तू बिघडवायच्या, मग त्या मी मोडायच्या आणि पुन्हा पाडायच्या. चार विटांचा वेळ जातो त्यात. ने त्या."

"बघून बघून येतंय मला."

"बघून येत असतं तर कावळाही घर बांधून राहिला असता. ने म्हटलं ना."

मुलीने ओल्या विटा फळीवर घेतल्या आणि चालू लागली. ओलं मैदान, पाय सरकायचे. जिथे पाऊल टाकू तिथे आधी अंगठा रुतवायचा, मग टाच. खांद्यात कळ येई. मालक छत्री घेऊन बांधावर उभा होता. तो कोणाला तरी म्हणाला, "हिची आई सोनं आहे. पोरगी काय, हमालीला ठीक आहे." मुलीने ऐकलं. तिने विटा जरा जोरात खाली ठेवल्या आणि एकीचा कोपरा दबला, म्हणून आईचीही बोलणी खाल्ली.

शाळेत बाईंनी सराव परीक्षा घेतली. हेडमास्तर विचारतील तसंच त्या विचारत होत्या. खोडरबरच्या गटापाशी आल्या आणि लंबूला म्हणाल्या, "रस्त्याचा मातकट रंग करून दाखव."

लंबू उभा राहिला. त्याने बशीत तांबडा घेतला, मग जरा काळा, मग आणखी काळा. बशीत शेणासारखं काहीतरी झालं.

"पिवळा आधी," खोडरबर दातओठ खात पुटपुटली.

"तुला विचारलं नाही," बाई म्हणाल्या. मग शिंपिणीच्या मुलीला, "तू सांग, पुलाची सावली कोणत्या बाजूला?"

शिंपिणीच्या मुलीने घुम्याकडे पाहिलं. घुम्याने बुटांकडे पाहिलं.

बाईंनी वहीत दोन फुल्या मारल्या. सगळ्या वर्गाच्या नजरा या चौघांवर. कोणीतरी मागून म्हणालं, "यांच्यापायी सगळ्यांचा तास जाणार."

वर्ग सुटल्यावर बाईंनी मुलीला थांबवलं. तिच्या गटाच्या कागदांचा गठ्ठा पुढे ठेवला. माणसं, चौकटी, सावल्या, सगळं देखणं, सगळं एकाच हातचं.

"हे कोणाचं?"

"गटाचं."

"नाही गं. हे तुझं आहे. गटाचं मला आज दिसलं, त्या बशीत."

"त्यांना करायचंच नाही, बाई. मी काय करू? मी नाही केलं तर घाण होतं."

"होऊ दे की मग घाण." बाईंचा आवाज चढला. त्या थकलेल्या होत्या, दिवसभर हेडमास्तरांच्या खोलीत हेलपाटे घालून. "तुला येतं हे मला माहीत आहे, हेडमास्तरांना माहीत आहे. त्याचा मला काय उपयोग? सोमवारी ते येणार. तोवर त्या तिघांना शिकव, नाहीतर त्यांच्याकडून शिक. दोन्ही नाही जमलं तर तास गेला म्हणून समज."

मुलीने डोळ्यांत आलेलं पाणी बाहीने पुसलं आणि बाहेर गेली. तिघं फाटकापाशी होते.

"चला, शिकवते तुम्हाला," ती असं म्हणाली, जणू उसने घेतलेले पैसे परत देत होती.

चौघं मैदानातल्या चिंचेखाली बसले. तिने लंबूच्या हातात ब्रश दिला. लंबूने पिवळा घेतला, तांबडा घेतला, निळ्यात ब्रश बुडवला तो पार मुठीपर्यंत.

"अरे थेंब, थेंब म्हटलं ना," असं म्हणून तिने ब्रश त्याच्या हातातून ओढून घेतला.

लंबूने हात झटकले आणि उठला. ज्याला राग येत नसे त्याला आला होता. "तूच कर बाई सगळं. हेडमास्तर आले की माझ्या हाताला तुझा हात शिवून दे. ही शिंपिणीची आहेच, टाके घालेल."

शिंपिणीची मुलगीसुद्धा हसली नाही. तिघं गेले. घुम्या जाता जाता वळला आणि म्हणाला, "सावली डाव्या बाजूला आहे. तू उजवीकडे केलीस." सगळ्या महिन्यात त्याचं हे पहिलं वाक्य. मुलीने कागद पाहिला. ऊन उजवीकडून होतं. घुम्याचं बरोबर होतं.

घरी आली तर आई खाटेवर बसलेली. उजवा हात पट्टी बांधून गळ्यात अडकवलेला. गाऱ्यावरून पाय सरकला आणि ती हातावर पडली होती. बाप साच्यापाशी होता. त्याचे हात फावड्याचे. विटा पडत होत्या त्या कुणाचा कान गेलेला, कुणाचं पोट सुटलेलं. मालक येऊन बघून गेला होता आणि म्हणाला होता, असला माल भट्टीत लावणार नाही.

"मी करते," मुलगी म्हणाली. बापाने साचा तिच्याकडे सरकवला आणि गारा तुडवायला गेला.

तिने गोळा उचलला, साच्यात ठेवला, दाबला, साचा उचलला. अर्धी वीट साच्यालाच चिकटून राहिली.

"अगं, वाळू," आई खाटेवरून ओरडली. उठली, डावा हात पुढे केला, साचा ओढायला गेली. डाव्या हाताने साचा पेलेना, तो कलंडला आणि गारा तिच्याच पायावर पडला.

"तू बस ना," मुलगी म्हणाली. "बसून सांग."

"तुला इतकंही येत नाही? इतकी वर्षं बघतेस."

"कधी शिकवलंस तू?"

"शिकवत बसायला वेळ कुठे होता?"

हे वाक्य मुलीने कुठेतरी ऐकलं होतं, आणि कुठे ते तिला आठवलं तेव्हा तिचे कान तापले.

आई कुरकुरत खाटेवर बसली. हात गळ्यात, त्यामुळे तोंडाशिवाय दुसरा इलाजच नव्हता. आणि तोंडाने सांगायची तिला सवय नव्हती. "वाळू भुरभुरव. तशी नको. अगं तशी नको, म्हणजे... पीठ चाळल्यासारखी. हां. आता गोळा. ठेवू नकोस. आपट. कोपरे काय तू बोटांनी भरणार? आपटला की तो आपला आपण भरतो." वीट वाकडी पडली की आईचा डावा हात खाटेच्या काठावर आवळला जाई, पांढरा पडे. पण ती उठली नाही. उठून काही करता येणार नव्हतं. दिवस कलेपर्यंत मुलीने पुष्कळ विटा मोडल्या. मग एक पडली. आईने मान तिरकी करून पाहिली.

"डावा कोपरा बसका आहे," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "राहू दे. भाजली की चालेल."

दुसऱ्या दिवशी मुलीने मधल्या सुट्टीत तिघांना गाठलं. माफी वगैरे मागितली नाही, तिला ते जमत नसे. म्हणाली, "सावली घुम्याची बरोबर होती. मला शिकव." घुम्या इतका दचकला की त्याच्या हातातला डबा पडता पडता राहिला. मग लंबूपुढे बशी ठेवली आणि स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली घालून बसली.

"हे काय?" लंबू म्हणाला.

"तू कर. मी तोंडाने सांगते."

फार वाईट गेले ते दिवस. लंबूने रंगाची नासाडी केली. ती ओरडली, तो ओरडला. तिचे हात मांडीखालून कितीदा निसटले आणि तिने पुन्हा कोंबले. शिंपिणीच्या मुलीने तिला चौकटी शिकवल्या आणि हिच्याच पाडलेल्या चौकटी उंचीला चुकल्या होत्या ते काढून दाखवलं, तेही जरा चवीने. सोमवारी हेडमास्तर आले. लंबूला रंग विचारला. रंग अंमळ तांबूस झाला, पण माती म्हणून खपला. घुम्याला माप विचारलं, त्याने तोंड न उघडता पट्टी घेऊन करून दाखवलं. मुलीला सावली विचारली.

"ठीक आहे," हेडमास्तर म्हणाले, "पण तासाचं मी भिंत बघून ठरवीन."

भिंत रंगली. गटागटाने, उन्हात, डोक्याला फडकी बांधून. रस्ता एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला, कुठे जरा उडी मारत, पण गेला. पुलावरची माणसं लंबूने काढली. सगळ्यांत पुढे डोक्यावर ओझं घेतलेला एक माणूस होता. त्याचा मागचा पाय आखूड झाला होता. मुलीला तो पहिल्या दिवसापासून दिसत होता, दाढेत अडकलेल्या तुसासारखा.

शेवटच्या दिवशी हेडमास्तर भिंत बघत बघत या टोकापासून निघाले. मान हलवत होते. पुलापाशी थांबले.

"हा लंगडा कोण?"

पोरांच्या माना लंबूकडे वळल्या.

"बाई, उद्या बाहेरची माणसं येणार भिंत बघायला. हा पाय दाखवून चित्रकलेचा तास कशाला ठेवला म्हणून सांगू त्यांना? आजच्या आज नीट झाला पाहिजे." त्यांची नजर मुलीवर गेली. "ती भट्टीवरची मुलगी ना ही? हिचा हात चांगला आहे. हिला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे. मी चहा घेऊन येतो."

ते गेले. बाईंनी मुलीकडे पाहिलं, पण हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. लंबू कानापर्यंत लाल झाला होता. त्याने ब्रश पुसला आणि दांडा पुढे करून तिच्यासमोर धरला.

"घे," तो म्हणाला. "तासाचा प्रश्न आहे. कर तू."

तिच्या बोटांना तो पाय पाठ होता. एक रेघ, टाचेपाशी एक वळण, संपलं. ती ब्रशकडे पाहत उभी राहिली.

"तुला काय दिसतंय त्यात?" तिने विचारलं.

लंबूने भिंतीकडे बराच वेळ पाहिलं. "खरं सांगू? मला बरोबरच वाटतोय."

मुलीला वाटलं, कपाळ बडवून घ्यावं. तिने दात आवळले. मग ती भिंतीच्या कडेला गेली, तिथे राहिलेल्या फुटक्या विटा पडल्या होत्या, त्यांतल्या जमतील तेवढ्या फळकुटावर रचून डोक्यावर घेतल्या, आणि लंबूच्या समोरून चालत गेली. सावकाश. आधी अंगठा, मग टाच. मागचा पाय उचलण्याआधी ती तशीच थांबली, अंगाचा सगळा भार त्या पायावर देऊन.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "पायाकडे बघ."

लंबू खाली बसला, मान वाकडी करून. "पुन्हा," तो म्हणाला.

हेडमास्तरांच्या खोलीत कपबश्या वाजल्या. ती वळली आणि पुन्हा चालत आली.